हळदीचा वेढा

हरिपूरच्या वाटेला, बुजलेल्या पेवांच्या माळावर
दिवसभराची लढाई. प्रवेश चारशे, गोळ्या वेगळ्या.
कथा एका पानाची, झेरॉक्स काढून वाटलेली:
व्यापाऱ्याची तिजोरी, दोन फौजा, एक फितूर,
संध्याकाळी सहाला शेवटची शिट्टी.

आमचा सेनापती दस्तगीर शिकलगार.
एरवी बुधगावात मंडप आणि स्पीकर भाड्यानं देतो,
जत्रेत कुस्त्या पुकारतो.
आज आला तो ट्रॉलीत उभा राहून,
मास्कवर फेटा, शेमला गुडघ्यापर्यंत,
छातीवर सोड्याच्या झाकणांची पदकं,
पुढं हलगीवाला, दिवसाचे सहाशे ठरवून आणलेला.
समोर इचलकरंजीचे पंचावन्न. आम्ही एकतीस.
"मोजू नका," म्हणाला, "त्यांना मोजू द्या."

मग कर्णा तोंडाला:
"ऐका हो पाव्हणं! आज अंगाला हळद लावून धाडतो,
पुढचं तुमच्या घरच्यांनी बघावं!"
आमचे हसले. त्यांचेही हसले.
हसणाऱ्याचा नेम बोटभर तरी हलतो,
हे त्यानं मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं.

मी दुय्यम.
विश्रामबागला माझं मेडिकल आहे.
चारचौघांत मला बोलता येत नाही, मोजता येतं:
गोळ्या, हवेचे सिलिंडर, कोण दमलाय,
कोण भिऊन उगाच उडवतोय.
तो बांधावर उभा राहतो
आणि मी सहा पोरं घेऊन उसातून रांगते.
पोरांना आत्ताच्या आत्ता तिजोरी हवी. पी हळद नि हो गोरी.
पात्यानं मान कापते, मास्कमध्ये वाफ धरते,
आणि वरून त्याचा आवाज,
नसलेल्या तुकड्यांना हुकूम देत:
"तोफखाना डावीकडं! घोडदळ, थांबा, थांबा की लगा!"
तोफखाना म्हणजे शेजारच्या रानातला पाण्याचा टँकर.
घोडदळ म्हणजे आमचा प्रज्योत,
एकटाच, सायकलवरून धुरळा उडवत.
पंचावन्न नळ्या तिकडं वळतात.

दोन वाजून दहा मिनिटांनी मेला.
छातीवर तीन गुलाबी फुटले, पदकांच्या मधोमध.
हात वर करून गुमान बाहेर जायचं, हा नियम.
तो गेला, पण कसा!
कर्णा उराशी धरून, बांधावरून घसरत,
पडता पडता फेटा सावरत,
एकदा उठून पुन्हा पडत.
पंचानं दोनदा शिट्टी मारली, "उठा ओ शिकलगार, पुरे."
त्यांचे निम्मे लोक आडोसा सोडून बघायला उभे राहिलेले,
आणि आम्ही पेवाच्या तोंडाशी.

आता कुणीतरी "चला" म्हणायला हवं होतं.
मेलेल्यानं बोलायचं नाही.
तो दोरीपलीकडं खुर्चीत बसलेला, तोंडावर बोट.
हलगी थांबलेली. पोरं माझ्याकडं बघतायत.

मी ओरडले.
"सेट्रिझिन!" ओरडले. "पॅन्टोप्राझोल! डावीकडून, पॅन्टोप्राझोल!"
जे तोंडात होतं ते आलं.
त्यांना वाटलं खुणेचे शब्द, ते उजवीकडं धावले.
आमच्यांना काय वाटलं देव जाणे,
पण एकतिसातले उरलेले एकोणीस एकदम उठले.

तिजोरीत अर्धा किलो हळद निघाली, किराणा दुकानातली.
गुणांचं भांडण अजून चालू आहे.

सहानंतर तो ट्रॉलीच्या कडेला बसला.
फेटा सोडला की त्याचं डोकं केवढंसं दिसतं.
शर्टाच्या टोकानं कर्ण्यावरचा गुलाबी पुसत म्हणाला,
"मागच्यांना ऐकू गेलं का?"
"तुमचं? पार माधवनगरापर्यंत."
"माझं नव्हं ताई. तुमचं."

घसा बसला होता.
मी खिशातून दोन चघळायच्या गोळ्या काढल्या,
एक त्याला दिली.
हलगीवाला पैशासाठी उभाच होता.